चार दिवसांसाठी ठेवलेली मशीन

तिच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती. कसबा बावड्यात, साखर कारखान्याच्या मागच्या अंगाला आठ खोल्यांची एक ओळ होती. त्यातल्या दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको आणि दोन मुलं राहायचो. आमच्या पलीकडची, शेवटची खोली तिची. ती आणि तिची चार वर्षांची मुलगी. भिंत इतकी पातळ होती, की तिनं तांब्या पालथा घातला तरी मला कळायचं.

ही साधारण पंच्याण्णव सालची गोष्ट. तिचा नवरा उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. शिरोळकडून भरून येताना ट्रॉली उलटली आणि तो गेला. ट्रॅक्टरच्या मालकानं दिवसकार्याचा खर्च केला, त्यानंतर तो या रस्त्याला फिरकला नाही. तिच्याजवळ राहिलं काय, तर मुलगी आणि पायानं चालवायची एक शिलाई मशीन. ब्लाऊज, परकर, शाळेचे फ्रॉक. कारखान्याच्या कॉलनीतल्या बायका तिच्याकडंच यायच्या, कारण ती खांद्यात ब्लाऊज फार छान बसवायची. पैसे थोडे मिळायचे, पण रोज मिळायचे.

मग कुणीतरी तिला निराधारचा अर्ज भरायला लावला. विधवेला सरकार दर महिन्याला थोडी रक्कम देतं. आमच्याकडं त्याला 'पगार' म्हणतात. अमकीला पगार सुरू झाला, तमकीचा बंद पडला. अर्ज लिहून देणाऱ्यानं तिला बजावलं, की तलाठी चौकशीला येणार, घर बघणार. घरात मशीन दिसली तर तुला निराधार कोण म्हणंल?

त्याच संध्याकाळी ती आमच्या दारात आली. "वैनी, चार दिवस मशीन ठिवून घ्या. चौकशी झाली की नेतो."

मी आणि ती, दोघींनी मिळून ती उचलून आणली. आमच्या खिडकीखाली ठेवली आणि वर माझं एक जुनं लुगडं टाकलं.

चौकशी चार दिवसांत आली नाही. दीड महिना गेला. बायकांची कापडं तिच्याकडं पडून होती. आधी ती दुपारची आमच्याकडं येऊन शिवायची. एकदा समोरच्या घरातली बाई, ऐकू जाईल अशा बेतानं, म्हणाली की काही जणींना पगार पण पायजे आणि धंदा पण पायजे. ती जी घाबरली ती पुन्हा मशीनवर बसली नाही.

मी लग्नाआधी शिवणक्लास केला होता. म्हटलं, मी शिवते, पैसे तुला देते. आणि दिलेही, सुरुवातीला. पुढं निम्मे दिले, कारण वेळ माझा जात होता. पुढं हातशिलाई आणि हुक लावायचं काम तेवढं तिच्याकडं राहिलं, नगावर. नेमक्या कुठल्या दिवशी काय बदललं ते मला सांगता येत नाही. ते त्या वेळी लक्षात आलं असतं तर मी थांबले असते, असं लिहायला मला आवडलं असतं. पण ते खरं नाही.

तलाठी आला. त्यानं रिकामी खोली पाहिली, मुलीला नाव विचारलं. जबाबावर शेजारी म्हणून सही करायला मला बोलावलं. हिला उत्पन्नाचं कोणतंही साधन नाही, असं त्यात लिहिलं होतं. सही करताना माझ्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास येत होता. लिहिलेलं मात्र खोटं नव्हतं. साधन तिच्याकडं नव्हतंच, ते माझ्याकडं होतं.

पगार मंजूर झाला. पण दर वर्षी फिरून बघायला येतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून मशीन राहिली.

तेवढ्यात भागायचं का, असं आज कुणी विचारलं तर मी काय सांगणार? भिंतीपलीकडून जे ऐकू यायचं तेवढंच मला माहीत. पगार कधी तीन तीन महिने यायचा नाही आणि मग एकदम यायचा. आला की रॉकेल, रेशनचे गहू, दुकानदाराची उधारी. दहा दिवस फोडणीचा वास यायचा, नंतर यायचा नाही. मुलीला ताप आला की त्या महिन्यात बाकी काही नाही. जोडीला शिलाई असती तर दोघींचं नीट चाललं असतं. नुसत्या पगारावर त्या मेल्या नाहीत, एवढंच म्हणता येईल. आणि जोडीची शिलाई कुठं होती ते मी सांगितलंच आहे.

इथपर्यंतची गोष्ट ओळीतल्या दोन-चार जणींना माहीत होती. पुढची कुणालाच नाही. नवऱ्यालाही मी सांगितली नाही.

दुसऱ्या वर्षी नवा तलाठी आला होता. दुसऱ्याच कसल्याशा कामासाठी ओळीत आला आणि ऊन होतं म्हणून आमच्याकडं पाणी प्यायला टेकला. मशीन उघडीच होती. मी घाबरून गेले आणि घाबरल्यामुळंच विचारून बसले, की एखाद्या निराधार बाईच्या घरी अशी मशीन असली तर पगार बंद होतो का हो?

तो हसला. "मशीन असली म्हणून काय झालं वैनी? बिलाऊज शिवून बंगला बांधणार हाय व्हय ती? उत्पन्नाच्या दाखल्यात बसलं की झालं. गरिबानं हातपाय हलवायचं न्हाईत, असं कुठल्या कागदात लिवलंय?"

चहा पिऊन तो गेला. पलीकडं ती भाकरी थापत होती, ते मला ऐकू येत होतं. म्हटलं, तिचं होऊ दे, मग सांगते. मग म्हटलं, संध्याकाळी सांगते. मग दिवाळी तोंडावर होती, सतरा ब्लाऊज शिवायचे होते. म्हटलं, दिवाळी झाली की सांगते.

मी सांगितलं नाही.

गरज होती म्हणावं तर तीही नव्हती. नवरा कारखान्यात कायम होता. पण आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात असे पैसे यायचे, की ज्यांच्याबद्दल घरात कुणी विचारायचं नाही. मी स्टीलचं कपाट घेतलं. भावाच्या मुलीला पैंजण केले. बायका मला शिलाईवाल्या वैनी म्हणायला लागल्या. ते मला सोडवेना.

आणि ती भिंतीपलीकडून ऐकायची. तिला नुसत्या आवाजावरून कळायचं, की मी परकर शिवतेय की ब्लाऊज. एकदा भर दुपारी मी शिवत होते आणि भिंतीपलीकडून ती सहज, शेजारी बसल्यासारखी बोलली, "वैनी, पट्टा सैल पडलाय मशीनचा." माझा पाय जागच्या जागी थांबला. मग उठून मी पट्टा आवळला. तिचं बरोबर होतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी ती घरात नसेल तेव्हाच मशीनवर बसायचे.

मशीन तिनं एकदाच मागितली. मुलगी पाचवीत गेली होती, वह्यापुस्तकं घ्यायची होती आणि पगार चार महिने आलेला नव्हता. दारात उभी राहून म्हणाली, "मशीन नेऊ म्हणतो वैनी. होईल ते होईल."

तलाठ्याचं ते एक वाक्य सांगायला मला किती वेळ लागला असता?

"ने की," मी म्हणाले. "मशीन तुझीच आहे. पण उद्या कुणी तक्रार केली आणि पगार गेला, तर मला म्हणू नकोस."

कुणी म्हणजे कोण, असं तिनं विचारलं नाही. "ऱ्हाऊ द्या मग," म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून ती भांगलणीला जाऊ लागली. दिवसभर लोकांच्या उसात तण काढायचं. तिचे हात इतके फुटले, की रेशमी कापड त्यात अडकायला लागलं. मग हातशिलाईसुद्धा मी तिला देईनाशी झाले. कापड खराब होतं, असं तिला तोंडावर सांगितलं.

पुढं आम्ही प्लॉट घेऊन घर बांधलं. सामान हलवायच्या दिवशी टेंपोत मशीन चढवताना एका बाजूनं तिनंच धरलं होतं. खालचा पाय निखळतोय, जपून न्या, असं तिनं टेंपोवाल्याला दोनदा बजावलं.

नव्या घराला चारी बाजूंनी मोकळी जागा आहे. पलीकडं कुणी राहत नाही. तरी शिवताना माझा पाय मध्येच थांबतो आणि मी ऐकत बसते. काय ऐकायचं असतं, मला माहीत नाही. नवरा म्हणतो, कान तपासून घे.

तिच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ती आली. मध्ये बरीच वर्षं गेली होती, मुलीला अठरा वर्षं पूर्ण झाली होती. पिशवीतून पाच ब्लाऊजपीस काढले आणि माप म्हणून मुलीचं जुनं ब्लाऊज दिलं. मी जीव ओतून शिवले. न्यायला आली तेव्हा तिनं पदराच्या गाठीतून पैसे काढले. मी नको म्हटलं. तिनं ते मशीनच्या फळीवर ठेवले.

"घ्या वैनी. इतकी वर्सं तुम्ही कुणाजवळ बोलला न्हाईसा. दुसरी कोण असती तर एका अर्जात माझा पगार घालवली असती. तुम्ही हायसा म्हणून लेकीच्या लग्नापतूर टिकला."

आता सांगायचं, असं मी ठरवलं. तोंड उघडलं आणि विचारलं, "चहा टाकू?"

नको म्हणाली, पत्रिका वाटायच्या होत्या. पैसे मी घेतले. वीस रुपये जास्त होते, ते परत केले.

लग्नाला मी गेले. नवरीचं ब्लाऊज खांद्यात असं बसलं होतं, की बायका पुढं होऊन विचारत होत्या, कुठं शिवलं, कुणी शिवलं. ती मांडवाच्या त्या टोकाला उभी होती. तिथूनच तिनं हात वर करून माझ्याकडं बोट दाखवलं. सगळ्याजणी वळून माझ्याकडं बघायला लागल्या.