मूठभर शेणखत

महाडच्या बाजारात काकड्या निवडत होतो. विकणारी बाई म्हणाली, "साहेब, पारू गेली. तुमाला कोनी सांगितलं नाय?" ती पारूमावशींची शेजारीण. मावशींना जाऊन पंधरा दिवस झाले होते. हातातली काकडी खाली ठेवली आणि तसाच निघालो. तेव्हापासून एक गोष्ट लिहायची म्हणतोय… मावशी होत्या तेव्हाच सांगायला हवी होती, ती.

नव्वदीच्या सुरुवातीला मी पोलादपूर तालुक्यात नवा कृषी सहायक होतो. मावशींची वाडी डोंगरावर, दीड तासाचा चढ. नवरा मुंबईला कामाला, गोठ्यात दोन म्हशी, आणि भात कापून झालं की खाचरात वाल. त्यांच्या शेणखताला वाडीत मान होता. खड्ड्यातलं खत मूठभर उचलून त्या दाबायच्या, वास घ्यायच्या आणि ठरवायच्या, कुजून झालंय की नाही. पेरणीला शेजारणी एक तरी पाटी त्यांच्याकडून मागून न्यायच्या. मी त्यांच्या मागे लागलो, या साली वालाला शेणखताच्या जोडीला थोडं पोत्यातलं खत, युरिया, देऊन बघू. "माझ्या म्हशी रुसतील ना, साहेब," म्हणाल्या. पण एक खाचर दिलं.

वालाच्या मुळांवर गाठी असतात, पिकाला लागणारा नत्र बराचसा त्याच मिळवून देतात. म्हणून युरिया पेरताना जेमतेमच द्यायचा. हे मीच त्यांना शिकवलं होतं. पण शिवारफेरीला वरचे अधिकारी येणार होते, आणि मला वेल फिके वाटायला लागले. एका दुपारी मावशी म्हशी घेऊन वर गेल्या असताना मी त्या खाचरात ओंजळी भरभरून युरिया फेकला आणि वहाळाचं पाणी सोडलं. शिवारफेरीच्या दिवशी वेल गर्द हिरवे होते. कौतुक झालं. मग त्या जास्तीच्या युरियानं वेल नुसते वाढतच राहिले… शेंग काही धरेना. अधिकाऱ्यांनी पुन्हा येऊन सगळ्यांसमोर कारण विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "शेणखत कच्चं होतं."

मावशी आपल्या तळहाताकडे बघत राहिल्या. मागून कोणीतरी हसलं, "पारूच्या खतावर नुसता पाला. म्हशींची चंगळ हाय." पुढच्या पेरणीला त्यांच्याकडे पाटी मागायला कोणी आलं नाही.

त्यांनी मात्र माझ्यावर विश्वास ठेवला, आणि तेच जास्त टोचतं. पुढे दोन्ही खतं बेतानं देऊन त्यांनी वाल छान पिकवला. तरी दरवर्षी पेरणीआधी मला निरोप यायचा. गेलो की खताची मूठ माझ्या नाकापाशी धरायच्या. "बघा साहेब, झालंय ना? माझ्या हाताला आता कळत नाय." "झालंय, मावशी." तेवढंच बोलायचो. बदली महाडला झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी चढून जायचो. चढताना ठरवायचो की आज खरं सांगायचं… मावशी गुळाचा चहा पुढे करायच्या. चहा पिऊन मी उतरायला लागायचो.

भात कापून झाल्यावर, गेल्या आठवड्यात, वाडीत गेलो. त्यांची सून रंजना खड्ड्यापाशीच होती. मला बघून तिनं मूठ पुढे केली. "आत्याबाई सांगून गेल्यात, साहेबांना दाखवल्याबिगर पेरू नको." तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती दुपार, तो युरिया, ते खोटं.

ती म्हणाली, "त्यांना का नाय सांगितलंत?"

"भ्यायलो. आधी नोकरीसाठी. नंतर… त्या मला बोलवायचं बंद करतील म्हणून."

रंजनानं मूठ स्वतःच्या नाकाशी नेली. दाबली, उघडली, परत दाबली. मग खत पाटीत टाकलं आणि फावडं उचललं. झालंय की नाही, हे तिनं मला विचारलं नाही. मी खड्ड्याच्या कडेला उभा होतो, इतक्या वर्षांचं ते एका शब्दाचं उत्तर ओठांवर घेऊन…