आप्पांचं हिरवं रान

आमच्या चुलत सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, बोट फिरवलं की दौंड तालुक्यातलं कसलंही माळरान काश्मीर होतं. राहूच्या पुढं आमची वस्ती आहे. तिथलं आभाळ धुऊन धुऊन विटलेल्या धोतरासारखं, पण आप्पांच्या मोबाइलात ते रोज मोरपंखी. फोटो एका क्षणात निघतो. मग ओट्यावर बसून अर्धी सकाळ त्याच्यावर फिल्टर चढतात. एक रंग भडक करणारा, एक ऊन सोनेरी करणारा, आणि शेवटी आप्पांचा लाडका, फोटोचं रंगवलेलं चित्र करणारा. त्यातून निघालं की उसाचं रान जत्रेतल्या फोटोवाल्याच्या पडद्यासारखं दिसतं. मग ते साऱ्या भावकीला जातं. एकदा आमच्या शेततळ्याचा निळा रंग बघून पुण्याचे पाहुणे मुलांचे पोहायचे कपडे घेऊन आले, आणि शेवाळाकडं बघत चहा पिऊन गेले.

शिरूरला आप्पांचे एक दोस्त आहेत, स्टुडिओवाले. ते फोटोला फार तर थोडा उजेड देतात, बाकी जसंच्या तसं ठेवतात. भेट झाली की दोघांची जुंपते. आप्पांची सगळी नोकरी साखर कारखान्यात गेली, त्यामुळं त्यांचा दाखलाही तिथलाच. "उसाचा रस कुणी तसाच पोत्यात भरतं का? त्याची साखर करावीच लागती."

"साखर करा की. तुम्ही रंगीत गोळ्या करताय, आप्पा!"

गेल्या साली कांद्याची पात पिवळी पडली. आप्पांनी औषधाच्या दुकानदाराला फोटो पाठवला, तोही सवयीनं फिल्टर लावूनच. उत्तर आलं, "एक नंबर पीक! काही फवारू नका." कांदा हातचा गेला. चुलत सासूबाई, त्यांना सगळे नानी म्हणतात, एवढंच बोलल्या, "आता फोनमधला कांदा काढा आन् बाजारात न्या."

यंदा नानींच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी रानात जाणं बंद केलं. तेव्हा त्या आप्पांना म्हणाल्या, "रोज फोटो काढत व्हता. मी कायम तिथंच खुरपत व्हते. त्यातला माझा एक भिंतीला लावा. रानातलाच पायजे."

आप्पा शोधायला बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघं एका फोनवर वाकले होते.

"ही बघ तू. लाल लुगडं."

"ती मिरची हाय."

"मग ही?"

"ते बुजगावणं."

कोण जाणे, ते बुजगावणं म्हणजे खरंच नानी असतील. फिल्टरनं लांबच्या माणसाचा नुसता ठिपका करून टाकला होता, आणि फोनमध्ये जागा उरत नाही म्हणून मूळचे फोटो आप्पांनी कधीच पुसले होते. एवढ्या रानात नानी काही सापडेनात. "ऱ्हाऊ द्या," म्हणत त्यांनी कप उचलला. आप्पांचा चहा मात्र तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी त्यांना मोटारसायकलवर बसवून बांधावर नेलं. धरायला मी होते. नानींना वाफ्यात उतरता येईना, म्हणून बांधावरच बसवलं. आभाळ मळकट, ऊस निम्मा वाळलेला, उन्हानं नानींचे डोळे बारीक झालेले. आप्पांनी फोटो काढला. बोट फिल्टरवर गेलं आणि तिथंच थांबलं.

"लावा की. जरा गोरी तरी दिसंन."

"नको. परत मिरची व्हशील."

शिरूरच्या स्टुडिओतून मोठा करून आणलेला तो फोटो आता भिंतीवर आहे. येणारे म्हणतात, "कलर जरा फिका आलाय, आप्पा."

"त्या दिशी तेवढाच व्हता," आप्पा सांगतात.

आता रोज सकाळी रानातले फोटो जसेच्या तसे माझ्या फोनवर येतात, कारण नानींकडं फोन नाही. चष्मा लावून त्या निरखून बघतात. "कोपऱ्यातल्या वाफ्याला पाणी न्हाई पोचलं. कळव त्यांना." मी कळवते. फोटोच्या मधोमध नानींना बसवलं होतं ती बांधावरची जागा नेमकी येते. तिथं कुणी नसतं. नानी तिच्यावरून एकदा बोट फिरवतात आणि फोन मला परत देतात.