मंदूबला लिहिलेली प्रेमपत्रं

गावी लग्नाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या आणि नवरदेवाचा, म्हणजे माझा, पासपोर्ट दुबईजवळच्या रास अल खैमात मंदूबच्या कपाटात पडून होता. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं बघणारा अरब माणूस. सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्याच ताब्यात, तेव्हा पद्धतच तशी होती. ऑफिसात कधीमधी सापडला की तो 'इन्शाल्ला' म्हणायचा आणि चहा मागवायचा. चहा छान असायचा. फोनवर आई रडकुंडीला यायची, मुलीकडचे काय म्हणतील म्हणून.

आमच्या टाइल्सच्या गोदामात एक सीरियन स्टोअरकीपर होता, अत्यंत चावट प्राणी. तो म्हणाला, "त्याला अरबीत मेसेज कर. आधी नुसता गोडवा, मागणं नंतर." माझ्या मोबाइलवर अरबी अक्षरं कुठली? मग त्याने शिकवलं: लिहायचं इंग्रजी अक्षरांत, आणि जो आवाज इंग्रजीला झेपत नाही तिथे आकडा ठोकायचा. छातीतून येणाऱ्या 'ह'ला 7, घशात अडकणाऱ्या 'अ'ला 3. 7abibi, म्हणजे हबीबी, माझ्या लाडक्या, हे तर मला कळत होतंच. 3youni म्हणजे माझ्या डोळ्यांनो, 3omri म्हणजे माझ्या जिवा. इथे पुरुष पुरुषाशी असंच बोलतात, म्हणाला. ते खरंही होतं. मग काय, मी सुटलोच. सकाळी 7abibi, दुपारी 3youni, जेवण झालं की 3omri. खाली नाव घालायचं मात्र सुचलं नाही.

मंदूबला इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, हे मला काय ठाऊक? त्याचे मेसेज त्याची बायको वाचायची.

एका दुपारी त्याचा फोन आला. "कौन?" मी मोठ्या अभिमानाने नाव आणि गोदाम सांगितलं. तासाभरात त्याची पांढरी जीप दारात. मंदूबचा चेहरा उतरलेला, शेजारी काळ्या पायघोळ अबायातली बाई, तिच्या हातात त्याचा मोबाइल. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी धुळीने माखलेला, जाड मिशीवाला.

"ये सब तुम लिखता?"

मी मान डोलावली. बाई इतकी हसली की गोदामातली माणसं बाहेर आली. मंदूबने सुस्कारा सोडला. घरात बिचाऱ्याने काय काय ऐकून घेतलं असेल, देव जाणे.

"क्या मांगता?" तिने विचारलं.

"पासपोर्ट. मेरा शादी है."

तिचं हसू थांबलं. नवऱ्याकडे वळून ती अरबीत बरंच बोलली, त्यातलं मला शेवटचं 'यल्ला', म्हणजे चल, आटप, तेवढं कळलं. संध्याकाळच्या आत पासपोर्ट माझ्या हातात होता. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण त्याआधी, जीप वळवताना, बाईने काच खाली केली होती. "अब ये सब उसको बोलना," ती म्हणाली होती.

मुहूर्त गाठला. नव्या बायकोला हा किस्सा सांगितला, तीही पोट धरून हसली. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "मला म्हणा ना तसं."

मी घसा साफ केला आणि अरबीत म्हटलं, अगदी घशातल्या 'अ'सकट.

"मराठीत," ती म्हणाली.

मुलं कॉलेजात गेली, ती अजून वाट बघतेय.