अंगावरचं दूध आणि सर्दीची गोळी

"पावडरचा कोणता डबा आणू, तेवढं चिठ्ठीवर लिहून द्या म्याडम," कौसाबाई म्हणाल्या. "हिच्या अंगावर दूध न्हाई. मोठीच्या टायमाला बी नव्हतं."

मी लहान मुलांची डॉक्टर. मंठ्याला माझा छोटा दवाखाना आहे. कौसाबाई जवळच्याच एका गावच्या. वय साठीच्या पुढे, आवाज खणखणीत. शेजारी त्यांची सून रेखा कानाला स्कार्फ बांधून, बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. सव्वा महिना नुकताच झाला होता. बाळाला दीड महिन्याचा डोस द्यायला दोघी आल्या होत्या. बाळंतपणानंतर रेखाने घराचा उंबरा ओलांडला तो त्या दिवशी पहिल्यांदाच.

'अंगावर दूध नाही' हे वाक्य मी रोज ऐकते. बहुतेक वेळा दूध असतं, धीर नसतो. मी समजूत घालायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात माझं बाळाकडे लक्ष गेलं आणि समजूत बाजूला राहिली.

बाळ झोपलेलं होतं. मी त्याच्या तळपायाला टिचकी मारली. या वयाचं लेकरू टिचकी मारली की टाहो फोडतं. याने तोंड वाकडं केलं, थोडं कुरकुरलं आणि पुन्हा डोळे मिटले. वजन केलं, तर जेवढं वाढायला हवं होतं तेवढं वाढलेलं नव्हतं.

"डोस आज द्यायचा नाही," मी म्हणाले. "बाळाला दिवसभर इथे ठेवावं लागेल. रक्त तपासायचंय."

"आवो, शांत लेकरू हाय ते. मोठी बी अशीच निजायची."

"आजी, एवढं शांत लेकरू मला आवडत नाही."

हे मी जरा तोडूनच बोलले. सुस्त बाळ दिसलं की आम्हाला पहिली भीती जंतुसंसर्गाची वाटते. तान्ह्या बाळाला ताप येईलच असं नाही. ते नुसतं पीत नाही आणि झोपून राहतं, आणि तेवढ्यात वेळ निघून जाते.

दुपारपर्यंत रिपोर्ट आले. रक्त चांगलं, साखर चांगली, कावीळ नाही. मला हायसं वाटलं, पण कोडं तसंच राहिलं. सिस्टरने रेखाला हाताने दूध काढायला लावलं, म्हणजे ते वाटी-चमच्याने बाळाला पाजता आलं असतं. वाटीचा तळ जेमतेम ओला झाला. रेखा त्या वाटीकडे बघत राहिली.

"म्याडम, मोठीला दुसऱ्याच महिन्यात बाटली लावली," ती हळूच म्हणाली. "लई आजारी पडायची ती. समदा गाव म्हणायचा, हिच्या अंगात दूधच न्हाई, कोरडी हाय. या बारीला वाटलं व्हतं..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

तिची आई लहानपणीच गेलेली. दोन्ही बाळंतपणं सासरीच झाली. कौसाबाईंनी अळीव, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकर, काही कमी केलं नव्हतं, हे रेखा स्वतःच सांगत होती. एवढं सगळं करून दूध येत नाही म्हणजे दोष आपलाच, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. मला तिची फार दया आली.

बोलता बोलता ती शिंकत होती. एक नाही, लागोपाठ. नाकातून पाण्यासारखं गळत होतं, डोळे लाल, आणि तळहाताने ती नाक सारखं खालून वर चोळत होती. ताप नव्हता, अंगदुखी नव्हती. ही साधी सर्दी नव्हे, ॲलर्जी. म्हणजे जंतू नसतात. शरीर धुळीला किंवा परागाला शत्रू समजून उगाच भांडत बसतं. ती माणसाकडून माणसाला लागत नाही.

"काही औषध चालू आहे का?" मी विचारलं.

"न्हाई," दोघी एकदमच म्हणाल्या.

मी वरच्या वॉर्डातून खाली ओपीडीत गेले. पुन्हा वर आले तेव्हा रेखाचं जेवण झालं होतं, आणि कौसाबाई कमरेच्या पिशवीतून एक गोळी काढून तिच्या हातावर ठेवत होत्या.

"हे काय?"

"हे व्हय? ही सर्दीची गोळी हाय. औषध न्हाई."

मी त्यांच्या हातातून ती पट्टी जवळजवळ हिसकावूनच घेतली. विचारलं तेव्हा कळलं, सकाळ, दुपार, संध्याकाळ एकेक गोळी दसऱ्यापासून सुरू होती. आणि हे दोघींच्या लेखी औषध नव्हतं! औषध म्हणजे डॉक्टरने दिलेलं. दुकानातून आणलेली ती नुसती गोळी.

या एका गोळीत तीन औषधं असतात. एक तापाचं. दुसरं शिंका थांबवणारं, पण जुन्या पद्धतीचं, ज्याने झोप येते. ते दुधात उतरतं आणि आईबरोबर बाळालाही गुंगी येऊ शकते. तिसरं चोंदलेलं नाक मोकळं करणारं. ते नाक कोरडं करतं आणि काही बायकांचं दूधही कमी करतं. त्यातून बाळ गुंगीत. ते ओढत नाही. बाळ ओढत नाही म्हटल्यावर दूध आणखी आटतं.

पट्टीवर दुकानाचा शिक्का होता. मी रागाने फोन लावला.

"अंगावर पाजणाऱ्या बाईला ही गोळी दिलीत?"

"म्याडम, माझ्याकडं म्हातारी आल्ती. सर्दी हाय म्हणली, मी दिली. आता बाळंतीण घरात बसलीय, हे मला कसं कळावं?"

त्याचंही खरं होतं. सव्वा महिना बाळंतीण बाहेर पडत नाही. तिची गोळी आणायला घरातलं मोठं माणूस जातं. दुकानदार समोरच्याचं वय बघून गोळी देतो. 'कोणाला पाहिजे?' हा एक प्रश्न त्याने विचारायला हवा होता, हेही मी त्याला सुनावलंच.

खाटेशी परत आले. "गोळी आजपासून बंद. बाळाला दर थोड्या वेळाने अंगावर घ्यायचं, झोपलं असलं तरी उठवून. डबा आणायचा नाही."

"आन् हिची सर्दी? सर्दीत पाजलं तर लेकराला बाधंल की."

"ही सर्दी लागणारी नाही. आणि लागणारी असती तरी दूध तोडायचं नसतं. घराजवळ धूळ कसली आहे?"

"मळणी चालू हाय. सोयाबीनचा भुसा समदा घरात येऊन राह्यला. म्हणून तर मी दोन टाइम धुरी देते, डोक्यावर वेखंड बी घालते."

मी कपाळावर हात मारून घेतला. आधीच भुशाने बेजार झालेलं नाक, त्यावर ओव्याची धुरी आणि वेखंडाची भुकटी. शिंका वाढल्या की धुरी वाढायची, धुरी वाढली की शिंका.

"धुरी बंद, वेखंड बंद," मी म्हणाले. "मळणी संपेपर्यंत त्या बाजूची खिडकी लावून घ्या. हा त्रास पहिल्यांदाच होतोय का?"

"कशाचं पहिल्यांदा! लगीन होऊन आली तवापासून बघून राह्यले मी. दरसाली सोयाबीन निघालं की हिचं नाक सुरू. मोठीच्या टायमाला बी हेच दिवस..."

कौसाबाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी माझ्या हातातल्या पट्टीकडे पाहिलं.

"तवा बी गोळी मीच आणल्ती," त्या म्हणाल्या. आवाजातला खणखणाट गेला होता. "म्याडम, तवाचं दूध बी ह्याच्यानंच गेलं का?"

खोटं बोलणं सोपं होतं, दोन्ही बाजूंनी. मी म्हणाले, "नक्की सांगता येणार नाही. मी तेव्हा बघितलं नव्हतं. पण गोळी अशीच असेल, तर तसं होऊ शकतं."

रेखाने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि ती रडायला लागली. कौसाबाई तिच्या पायाशी बसून राहिल्या. त्यांनी हात पुढे केला, पण तो तिच्या पाठीवर ठेवायचं धाडस त्यांना झालं नाही.

रेखाला मी नाक धुवायला मिठाच्या पाण्याचे थेंब दिले आणि नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला. तो नाकातच काम करतो, रक्तात अगदी नावापुरता उतरतो आणि दुधात त्याहून कमी. त्याने भागलं नाही तर झोप न आणणारी नवी गोळी देता येते, पण ती बाळाकडे लक्ष ठेवून. रेखाला ती लागली नाही. संध्याकाळपर्यंत बाळ जरा नीट ओढायला लागलं, तेव्हा मी त्यांना घरी सोडलं आणि रोज दाखवायला बोलावलं.

दूध काही एका दिवसात परतलं नाही. मधे एकदा रेखा हताश होऊन आली, तेव्हा मलाही धाकधूक वाटली होती. मग हळूहळू ते वाढलं. वजन सरळ चढायला लागलं तेव्हा राहिलेला डोस दिला. सुई टोचताच बाळाने असा टाहो फोडला की बाहेर बसलेल्या बाया दचकल्या. मला ते रडणं फार गोड वाटलं.

कौसाबाई बाळाला घेऊन बाहेर गेल्या. बाकावर त्यांच्याच गावच्या दोघी-तिघी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर त्या उभ्या राहिल्या.

"ऐका गं. मह्या सुनंला मी कोरडी म्हणले, तुमच्याच म्होरं म्हणले. ती कोरडी नव्हती. मह्याच हातानं आटवलं मी तिचं दूध."

मागून आलेल्या रेखाने पदर डोळ्यांना लावला आणि ती म्हणाली, "आत्याबाई, द्या हिकडं. भूक लागली त्याला." ती तिथेच बाकावर बसली आणि पदराआड बाळाला पाजू लागली.

आपल्याकडे गोळी आणणारं माणूस एक असतं आणि खाणारं दुसरं. दुकानदाराने विचारलं नाही तर आपण सांगावं: गोळी मला नको आहे, अंगावर पाजणाऱ्या बाईला हवी आहे. आणि मीही आता 'काही औषध चालू आहे का' एवढंच विचारून थांबत नाही. "पिशवीत काय आहे, दाखवा," म्हणते.