साडूंची हलकी गाडी

अख्ख्या नागपुरात वजनाचा इतका दुस्वास करणारा आणि त्याच वेळी ते स्वतःच्या अंगावर इतक्या निश्चिंतपणे बाळगणारा माणूस आमच्या साडूंखेरीज दुसरा नसेल. हुडकेश्वरला त्यांचं घर आहे. घराच्या निम्म्या जागेत ते, त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आणि एकुलती एक मुलगी जुई असे तिघं राहत. उरलेल्या निम्म्या आणि जास्त हवेशीर जागेत त्यांची गाडी राही. दोन सीटांची, बिनटपाची, परदेशी बनावटीची जुनी स्पोर्ट्स कार. नरखेडकडच्या एका संत्रा बागायतदाराच्या गोठ्यात ती कोंबड्यांना अंडी घालायला उपयोगी पडत होती, तिथून साडूंनी ती उचलून आणली. गाडी सुरू झाली, पण त्यांच्या मनासारखी धावेना. दुसऱ्या कुणी इंजिनात दोष काढला असता. साडूंनी निदान केलं, की इंजिन बिचारं गुणी आहे, त्याच्यावर ओझं फार टाकलंय.

त्यांच्या मते गाडीत वजन दोन प्रकारचं असतं, बसलेलं आणि फिरतं. बसलेलं वजन गरीब स्वभावाचं असतं, कुणाचं वाईट करत नाही. खरे शत्रू म्हणजे फिरणारे भाग. फ्लायव्हील, शाफ्ट, गिअर, चाकं. इंजिनाची ताकद ही मंडळी फिरवण्यातच खर्ची पडते, तेव्हा कापायचं तर यांना कापा. हे शास्त्र खोटं नाही, असं जाणकार सांगतात. साडू मात्र त्याचा उपयोग मुख्यतः पंगतीत करत. एकदा आमच्याकडे पाटवडीचा रस्सा होता. वाढणाऱ्या माझ्या बायकोचा हात दुखायला लागला तरी यांची वाटी पुढेच. मी म्हटलं, गाडी हलकी करताय, तर सुरुवात ड्रायव्हरपासून का करत नाही? त्यांनी पाटवडी संपवली, तोंड पुसलं आणि अडाणी माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "मी गाडीत बसून राहतो गा. फिरतो का मी? माह्या वजनानं काही फरक पडत नाही."

शहराबाहेर वाडी भागात ट्रकच्या गॅरेजांच्या रांगेत लोखंड तासून देणारा एक लेथवाला होता, त्याच्याकडे साडूंचं जाणं-येणं जावयासारखं होतं. आज गिअरला भोकं पाडून आण, उद्या चाकांचे नट तासून आण. स्वयंपाकघरातला वजनकाटा गाडीच्या सेवेत गेल्यामुळे मेहुणी पुरणाची डाळ अंदाजाने घेत असे. पुढे तर हे वेड घरातल्या फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला बाधलं. एका मे महिन्यात त्यांनी कूलरच्या पंख्याची पाती तासली. पंखा एवढा सुसाट सुटला, की वाऱ्याऐवजी पाणीच बाहेर येऊ लागलं. त्या दिवशी जुईला बघायला पाहुणे आले होते आणि नवऱ्या मुलाची आई कूलरसमोर बसली होती. मेहुणी टॉवेल घेऊन धावली. साडू शांतपणे म्हणाले, "पाहा, पिकअप कसा आला." तरीही लग्न जमलं, ते बहुधा जुईकडे बघून.

बापलेक दर रविवारी सकाळी त्या गाडीतून रिंग रोडला चक्कर मारायला जात. जुई चौथीत होती तेव्हा साडूंनी तिला शब्द दिला होता, "तुले याच गाडीतून सासरी पाठवीन." आता तो दिवस आला म्हटल्यावर आम्ही शालू, आहेर, आचारी यांच्या मागे होतो आणि साडू वाडीला. लेकीची पाठवणी म्हणजे गाडी तिच्या उत्तम रूपातच पाहिजे, असं म्हणून त्यांनी फ्लायव्हील उतरवून नेलं. हे इंजिनाच्या मागचं जड लोखंडी चाक. इंजिन क्षणभर दमलं तरी आपल्या भाराने गाडीला रेटून नेणं एवढंच त्याचं काम. साडूंनी ते इतकं तासलं, की गाडी हळू केली की बंद पडायची. मेहुणीने विचारलं, "अहो, ही थांबली का मरते काहून?" साडू म्हणाले, "स्पोर्ट्स कार थांबासाठी नसते वं."

लग्न लॉनवर झालं. ऊन उतरल्यावर पाठवणी. दोन रविवार शिकवणी घेतलेले जावईबापू स्टिअरिंगवर बसले, शेजारी जुई. रडून झालं, ओटी झाली आणि रिवाजाप्रमाणे मेहुणीने पुढच्या चाकाखाली नारळ ठेवला. गाडीने तो फोडायचा आणि निघायचं. जावयाने क्लच सोडला. गाडी नारळाला टेकली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा टेकली, पुन्हा बंद. ज्या गाडीच्या वेगाच्या कथा ऐकवून साडूंनी अर्ध्या नागपूरचे कान किटवले होते, तिला एक नारळ ओलांडवेना. वऱ्हाडातली पोरं मोबाईल काढून उभी राहिली. नवऱ्या मुलाचे मामा पुढे आले. "राहू द्या साहेब, आमची एसी गाडी उभीच आहे. पोरीले तिच्यात बसवा."

साडूंचा चेहरा पार उतरला. इतकी वर्षं जपलेला शब्द सगळ्यांसमोर मोडायची वेळ आली होती. त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "नारळ काढू का वं?"

"बिलकुल नाही. नारळ फुटल्याबिगर माही पोरगी जात नसते."

जुई मागे वळून म्हणाली, "बाबा, ढकला ना."

साडूंनी फेटा माझ्या हातात दिला आणि गाडीच्या पाठीला खांदा लावला. "जावईबापू, मी ढकलतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडू नका." त्यांच्या त्या बसलेल्या वजनाचा गाडीला पहिल्यांदाच उपयोग झाला. नारळ फुटला, इंजिनाने डरकाळी फोडली. जावई आज्ञाधारक निघाला, त्याने खरंच काही सोडलं नाही. गाडी अशी सुटली, की मामा बाजूला उडाले. जुई अर्धवट उठून मागे वळली, हात वर केला आणि तो हलवायच्या आत गाडी वळणापलीकडे गेली. इतर बाप पाठवणीच्या गाडीबरोबर खिडकीला धरून कोपऱ्यापर्यंत तरी चालत जातात.

मंडळी टाळ्या वाजवत होती. साडू रस्त्याच्या मधोमध उभे, पायजमा नारळाच्या पाण्याने भिजलेला.

"गेली ना फास्ट?" त्यांनी विचारलं.

"गेली," मी म्हटलं.

"एवढी फास्ट कधीच नव्हती गेली." ते वळणाकडे बघत म्हणाले. मग माझ्या हातातला फेटा घेत म्हणाले, "पोरीसंग बोलाचं राहूनच गेलं गा."