टीव्ही लावण्याआधीची अट

इंडोनेशियातल्या सेमारांग शहराच्या मासळीबाजाराजवळ बू सुमिराची, म्हणजे सुमिरामावशीची, कॉफीची टपरी होती. नवरा गेल्यावर तिने ती एकटीने चालवली. राष्ट्राध्यक्षपदाच्या मागच्या निवडणुकीत तिथेच दारमान आणि वगिमिन या जिवलग मित्रांचं बिनसलं. वगिमिन दारमानच्या लेकीच्या लग्नालाही गेला नाही. तेव्हापासून दोघं वेगळ्या बाकांवर बसत, आणि ते सुमिराला फार लागलं होतं.

यंदा टीव्हीवर उमेदवारांची जुगलबंदी सुरू होण्याआधीच दोघांची जुंपली.

"तुझा एक नंबरचा उमेदवार नुसता गोडबोल्या!" वगिमिन ओरडला.

"आणि तुझ्या दोन नंबरला धड बोलता तरी येतं का?" दारमान उसळला.

सुमिराने टीव्हीच बंद केला. "एकमेकांच्या उमेदवाराचं एकेक चांगलं सांगा. मगच टीव्ही लागेल आणि तळलेली केळीही मिळतील."

"बू, हा काय जुलूम!"

"जुलूम तर जुलूम. केळी गार होतायत."

लोक हसले. दारमानने डोकं खाजवलं. "दोन नंबर मासेमारीच्या होड्यांना स्वस्त डिझेल देणार म्हणतो, ते चांगलंय. वगिमिनच्या होडीला आधार होईल."

वगिमिन त्याच्याकडे वळला. मग म्हणाला, "एक नंबर गावोगावी दवाखाने काढणार म्हणे. तुझ्या लेकीचे दिवस भरत आलेत ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"बोलत नव्हतो, म्हणून काय चौकशीही करायची नाही?"

सुमिराने टीव्ही लावला. मत दोघंही आपापल्यालाच देणार होते. पण आता ते एकाच बाकावर बसून बाळाच्या नावावरून असे भांडत होते, की उमेदवार काय बोलले ते कोणालाच नीट ऐकू आलं नाही.