हिरव्या कापडापुढचे अप्पा

लिफ्टवाल्या अप्पांना जगात दोनच गोष्टी नीट कळतात, वर आणि खाली, असं त्यांची बायको म्हणायची. ती असेपर्यंत तिच्या शब्दावर घरात अपील नव्हतं. उभी हयात अप्पांनी एका मोठ्या कचेरीच्या लिफ्टमध्ये काढली. बटणांच्या पाटीशी उभं राहायचं, दार उघडलं की डाव्या हाताला एक पाऊल सरकून येणाऱ्याला वाट द्यायची, कुठला मजला विचारायचं आणि कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. घराची बेल वाजली की दार उघडून ते आपले डावीकडे सरकणार, मग समोर पाहुणा असो नाहीतर मीटर बघायला आलेला माणूस. जित्याची खोड, ती काय पेन्शनबरोबर जाते थोडीच.

थोरली लेक लहान असताना शाळा सुटली की थेट कचेरीत यायची. लिफ्टचं दार उघडलं की अप्पा सरकायचे, ती खांदा वळवून त्यांच्यासमोरून आत शिरायची आणि त्यांच्या पाठीमागे भिंतीला टेकून उभी राहायची. ड्यूटी संपेपर्यंत बापलेक वरखाली करत. बोलणं फारसं नसे. बोलायला काय होतं? पण अप्पांना आयुष्यातला चांगला काळ कुठला असं कुणी विचारलं असतं, तर त्यांनी हाच सांगितला असता. कुणी विचारलं नाही, ते वेगळं.

बायको गेली तेव्हा थोरली दूरच्या शहरात नोकरीला होती. वादळामुळे गाड्या अडकल्या आणि ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. दार अप्पांनीच उघडलं. जन्मात पहिल्यांदा ते दारातून सरकले नाहीत. म्हणाले, "आता कशाला आलीस?"

त्यांना म्हणायचं होतं वेगळंच. तुझी आई गेली, मी एकटा पडलो, असलं काहीतरी. पण पोटात एक आणि ओठांवर भलतंच, अशी गत झाली. लेकीने बॅग उचलली आणि आली तशी जिना उतरून गेली. तिचा फोन यायचा बंद झाला तो बंदच, आणि अप्पांना फोन करायचा धीर होईना. करून बोलायचं काय? पुन्हा तोंडातून तसलंच काही निघालं तर?

आता धाकट्या लेकाची गोष्ट. हा चष्म्याच्या दुकानात काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी सिनेमे काढतो. सिनेमे म्हणजे आपला हौशी मामला. दिव्यांना दातांचा डॉक्टर, कॅमेऱ्याला कोपऱ्यावरची बेकरीवाली आणि बाकी सगळं हा. एका रविवारी अप्पा आंघोळ करून बाहेर येतात तो काय, बैठकीतलं सामान स्वयंपाकघरात गेलेलं आणि एका अख्ख्या भिंतीवर हिरवंगार कापड. बेकरीवाली स्टुलावर चढून त्यावर इस्त्री फिरवत होती.

"भिंतीला इस्त्री?" अप्पांनी विचारलं.

"सुरकुती पडली की कॉम्प्युटर गोंधळतो, काका," ती म्हणाली.

कॉम्प्युटर गोंधळतो म्हणे. मग आम्ही काय करायचं? धाकट्याने त्यांना समोर बसवून समजावलं. जे जे हिरवं, ते ते कॉम्प्युटर पुसून टाकतो आणि त्या जागी आपल्याला हवं ते चित्र येतं. समुद्र म्हणा, रान म्हणा. या सिनेमात एका घराचं दार येणार होतं. म्हातारा बाप दार उघडतो, उंबऱ्यात लेक उभी असते, आणि बाप म्हणतो, "आलीस? ये, आत ये." संपला सिनेमा. बाप अप्पांनी व्हायचं होतं.

"आणि लेक?"

धाकटा कॅमेऱ्याची वायर गुंडाळायला लागला. "ताई. ती तिकडे तिच्या घरी असंच कापड लावून उभी राहणार. भावोजी फोनवर शूट करतील. मग मी दोघांना जोडणार."

"म्हणजे ती येणार नाही?"

"नाही."

"मग मी दार कुणाला उघडायचं?"

"दार नाहीच आहे, अप्पा. दार नंतर येणार."

दार नाही, लेक नाही, उंबरा नाही, आणि उघड म्हणतोय. अप्पांना यातलं काडीचं कळलं नाही. एवढंच कळलं की पोरगी तयार झाली आहे. हो म्हणाली का, कशी म्हणाली, हसून म्हणाली की नुसतंच, हे विचारायला जीभ रेटेना. ते आत गेले आणि बायकोने विणलेला स्वेटर घालून आले. चांगल्या प्रसंगाला ते तोच घालत.

स्वेटर होता हिरवा. चाचणी म्हणून धाकट्याने चित्र जोडून दाखवलं, तर पडद्यावर अप्पांचं मुंडकं आणि दोन पंजे हवेत तरंगत होते, खाली दोन पाय, मध्ये नुसतं दार. डॉक्टर पोट धरधरून हसला. अप्पांना हसू आलं नाही. बायकोने एवढी खपून विणलेली वस्तू, आणि यंत्र सांगतंय की ही नाहीच. त्यांनी स्वेटर काढून घडी घातली आणि पांढरा सदरा चढवला.

मग जमिनीवर चिकटपट्टीची खूण केली. इथेच उभं राहायचं, डावीकडच्या कापडाकडे सरकायचं नाही, त्यावर सावली पडली की सगळं मुसळ केरात. समोर लांब एका काठीवर पट्टीची फुली. ते थोरलीचे डोळे.

अप्पा फुलीकडे बघत राहिले. "एवढी उंच आहे ती?"

"तुमच्या कानापर्यंत येते, अप्पा."

"मला वाटायचं खांद्यापर्यंत."

बेकरीवालीने कॅमेरा चालू केला. अप्पांनी नसलेलं दार उघडलं, फुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता क…" तिथेच थांबले. पुन्हा केलं. पुन्हा "आता" वर गाडी अडली. धाकट्याने कागदावर मोठ्या अक्षरात वाक्य लिहून काठीला बांधलं. अप्पांनी ते बिनचूक वाचलं, पण लिफ्टमध्ये मजल्यांची नावं सांगावीत तसं. डॉक्टरच्या दिव्यांनी खोली तापली होती. अप्पांना घाम फुटला. तोंड उघडलं की तेच जुनं वाक्य जिभेवर येऊन बसत होतं, आणि या वेळी ते कॅमेऱ्यात राहिलं असतं. ते त्यांनी होऊ दिलं नसतं, मेले असते तरी.

शेवटच्या खेपेला त्यांनी दार उघडलं आणि तोंड गच्च मिटलं. फुलीकडे बघता बघता त्यांचे पाय आपोआप हलले. एक पाऊल, डाव्या हाताला. म्हणजे थेट कापडाकडे. सावली पडली.

"काका, सरकू नका म्हटलं होतं ना," डॉक्टर वैतागला. "वाया गेलं सगळं."

"राहू दे," धाकटा म्हणाला. तोही थकला होता. "यातलंच काहीतरी बघू."

पुढचे दिवस अप्पांनी स्वतःला बोल लावण्यात घालवले. एवढं साधं वाक्य. पोरीने त्या टोकाला काय काय जुळवून कापड लावलं असेल, आणि बापाला धड ये म्हणता आलं नाही. आता धाकटा तिला काय सांगणार?

थोरलीचा तुकडा आला त्या दिवशी धाकटा दुकानातून लवकर परतला. अर्धी दुपार तो कॉम्प्युटरपुढे बसून होता. मग त्याने हाक मारली तेव्हा आवाज जरा वेगळाच होता. "अप्पा, इकडे या. बसा."

पडद्यावर दार होतं. दारात अप्पा होते, सावलीमुळे कडेने जरा फाटल्यासारखे दिसणारे. आणि उंबऱ्यात थोरली होती, पायाशी बॅग. बारीक झाली होती. अप्पांनी खुर्चीचा हात धरला. पडद्यावरच्या अप्पांनी काही न बोलता डावीकडे एक पाऊल घेतलं. आणि थोरलीने बॅग उचलली, खांदा वळवला, त्यांच्यासमोरून आत आली आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. कशालाही न धडकता, अगदी मोकळ्या झालेल्या जागेतून.

"ही कधी येऊन गेली?" अप्पांनी विचारलं.

"आली नाही, अप्पा. ती तिकडेच होती."

"मग मी सरकणार हे तिला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. मी तिला नुसतं दारात उभं राहायला सांगितलं होतं. तुमचा तुकडा तिने पाहिलेलाच नाही, शप्पथ."

अप्पांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा लावला. दोन शहरं, दोन कापडं, मधे काही नाही, आणि ही बरोब्बर आत कशी शिरली, हे त्यांच्या डोक्यात बसेना. ती तरी कुणाकडे बघून आत आली? तिथे तर कुणी नव्हतं. तिच्यापुढेही काठीच असणार, आणि फुली. त्या फुलीने जागा दिली असं धरून ती आत आली होती.

मग त्यांचे डोळे भरून आले आणि चित्र दिसेनासं झालं.

"फोन लाव," ते म्हणाले.

धाकट्याने लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडे बराच वेळ नुसती घंटा वाजत राहिली. मग उचलल्याचा आवाज आला.

"अप्पा?" थोरली म्हणाली.

अप्पांना वाक्य आठवेना. धाकट्याने लिहून दिलेलं नाही, आणि ते जुनंही नाही. फोन कानाला धरूनच ते उठले. स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत मोकळी खोली पडली होती, पण तिथल्या तिथे ते डाव्या हाताला एक पाऊल सरकले.

"ये," ते म्हणाले.